शे-आहे वहिनीकडून

शकू,

तुझं तेरावं आटोपून आम्ही काल धुळ्याहून परत आलो. एसटीत, एरंडोल आलं तेव्हा, तुझे दादा म्हणाले, "शकीने भरताची वांगी आणायला सांगितली होती. राहूनच गेलं." मी म्हटलं, "राहिलं." एवढंच आमचं बोलणं.

घरी आल्यावर पिशव्या उपसल्या, कपडे भिजत घातले. तुझ्या सुनेने, स्नेहलने, बांधून दिलेल्या ज्वारीच्या बिबड्या बरणीत भरल्या आणि वर 'बिबड्या' अशी चिठ्ठी लावली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "वहिनी, बरणी काचेची आहे, बिबड्या दिसताहेत. चिठ्ठी कोणासाठी?" बरणी काचेची आहे, हे खरं. तरी लावली.

आज सकाळी फोन पाहिला तर पूनमचा निरोप होता. "मॅडम, उद्या रविवार. क्लास होईल का? शकुंतला मॅडमची लिंक अजून चालू आहे. मुलं विचारताहेत. तुम्ही घ्याल का?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही. उत्तर द्यायचं सोडून हे लिहीत बसले आहे. लिहिते आहे तुला, पण वाचून दाखवणार आहे ईशान आणि तन्वीला. आमची ही दोन नातवंडं मेलबर्नमध्ये वाढली. त्यांना शकूआजी म्हणजे फोनच्या पडद्यातला एक हसरा चेहरा, जो 'हॅलो' न म्हणता "काय चाली राहिनं?" असं विचारायचा. आणि ही दोघं तिकडून सगळं बरं असल्याचं ओरडून सांगायची, "बठ्ठं बरं शे!" त्यांचं मराठी अडखळतं, पण तुझी अहिराणी त्यांना बिनचूक येते. तू गेलीस हे त्यांना कळलं तेव्हा तन्वीने मला विचारलं, "आजी, आता आम्ही ते कोणाला म्हणायचं?" तिला एवढं तरी कळावं, की तो 'शे' आपल्या घरात कुठून आला, आणि त्यावरून तिची आजी आणि शकूआजी जन्मभर का भांडल्या.

तेव्हा पहिल्यापासून.

मी रेल्वेवाल्यांची मुलगी. वडिलांची बदली जिथे होईल तिथे आमचं क्वार्टर, आणि शाळा इंग्रजी. घरात मराठी शुद्ध, शाळेत इंग्रजी शुद्ध. लग्न होऊन तुमच्या गावी आले, धुळ्यापासून अर्ध्या तासावर, आणि ऐकते तर सगळं घर तिसरंच काही बोलतंय. माले, तुले, अठे, तठे. मला वाटलं, आठवडाभरात शिकेन. परीक्षेत कधी नापास झाले नव्हते मी.

लग्नानंतरच्या पहिल्याच दिवसांत सासूबाईंनी ओट्यावरून हाक मारली, "नवी नवरी कठे शे वं?" मी कोठीच्या खोलीत होते. मनात वाक्य जुळवलं, एकदा म्हणून पाहिलं आणि मोठ्याने उत्तर दिलं, "मी अठे शे आहे!"

ओट्यावर जो हशा उसळला, तो अजून माझ्या कानात आहे. 'अठे' म्हणजे इथे, आणि 'शे' म्हणजेच 'आहे'. मी दोन्ही लावले होते. एक त्यांच्यासाठी, एक माझ्या समाधानासाठी. सासूबाई पदराने डोळे पुसत होत्या, चुलतसासरे "काय बोलनी वं हाई?" म्हणून पुन्हा पुन्हा विचारत होते, आणि तू, परकर सावरत, उड्या मारत अंगणभर ओरडत सुटली होतीस, "शे-आहे वहिनी! शे-आहे वहिनी!"

त्यात वाईट कोणाचंच नव्हतं. आज मला ते लख्ख दिसतं. सासूबाईंनी त्या दुपारी मला जवळ बसवून पहिला गरम मांडा माझ्या ताटात वाढला. पण मी ठरवलं ते ठरवलं. त्यानंतर तुमच्या घरात मी अहिराणीचा एक शब्द बोलले नाही. समजायचं सगळं. सासूबाई अहिराणीत विचारायच्या, मी मराठीत उत्तर द्यायची, आणि त्या जाईपर्यंत आमचा संसार असाच दोन भाषांत सुखाने चालला.

तू पुढे माझ्याच वाटेने आलीस. इंग्रजी घेऊन एम.ए. केलंस, धुळ्याला कॉलेजात लागलीस. मी जळगावला शिकवत होते. दिवाळीत भेटलो की दादा म्हणायचे, "आता दोन मास्तरणी बसतील आणि फराळ मीच वाढून घ्यायचा." आपलं भांडण तेव्हापासूनचं. माझं म्हणणं, आधी वाक्य नीट करा, मग तोंड उघडा. तुझं म्हणणं, आधी तोंड उघडा, वाक्य नंतर येईल. मी तुला म्हणायची, "तू मुलांना बोलायला नाही, बडबडायला शिकवतेस." तू म्हणायचीस, "आणि तुमची मुलं पेपर छान लिहितात, वहिनी, आणि मुलाखतीत मान डोलावून परत येतात." चिडलीस की मात्र तू अहिराणीवर यायचीस, आणि मग 'तुम्ही वहिनी'चं क्षणात 'तू वं वहिनी' व्हायचं. तुझ्या तोंडून 'तू' ऐकायला मला बरं वाटायचं. हे मी तुला सांगितलेलं नाही.

मी निवृत्त झाले. तुझी नोकरी शेवटच्या वर्षांत आली आणि कॉलेजं बंद पडली. महामारीचं वर्ष. मुलं आपापल्या गावी गेली, साक्री, शिरपूर, शिंदखेडा, काही सातपुड्याच्या पायथ्याला. तुझे सहकारी पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो काढून ग्रुपवर टाकत होते. तू मला फोन केलास.

"वहिनी, एक डोकं लढवलंय. इंटरनेटवर ती भाषणं असतात ना, दहा-बारा मिनिटांची? माणूस मंचावर एकटा उभा राहतो आणि आपल्या कामाबद्दल बोलतो. डॉक्टर, सुतार, कुणी मधमाशा पाळणारा. तीच पाठवते मुलांना."

"परदेशी माणसं?"

"सगळीकडची. आफ्रिकेतली, जपानमधली. ज्यांचं इंग्रजी त्यांच्या गावचं आहे अशीच मुद्दाम निवडते."

"म्हणजे उच्चार चुकीचे."

"म्हणजे उच्चार *त्यांचे*. वहिनी, भांडू नका, मला मदत हवीय. मुलं आवाजात उत्तर पाठवणार. मी एकटी एवढं ऐकू शकत नाही. तुमच्याइतका कान माझ्या ओळखीत दुसऱ्या कोणाचा नाही."

मग मी नाही कशी म्हणणार?

तुझी पद्धत मी मुलांसाठी इथे नीट लिहून ठेवते, कारण तू स्वतः कधी काही नीट लिहून ठेवलं नाहीस. भाषण तीनदा पाहायचं. पहिल्यांदा आवाज बंद करून: नुसते हात, चेहरा बघायचा, आणि माणूस कशाबद्दल बोलत असेल त्याचा अंदाज करायचा. दुसऱ्यांदा आवाज लावून, खाली इंग्रजी अक्षरांची पट्टी ठेवून. तिसऱ्यांदा पट्टी काढून. आणि मग मिनिटभराचा आवाज पाठवायचा: या माणसाचं मला काय पटलं, काय पटलं नाही. न पटलेलं सांगितलंच पाहिजे, हा तुझा नियम. "पटलं एवढंच सांगायचं असेल तर इंग्रजीची गरजच काय?" असं तू म्हणायचीस. रविवारी सकाळी सगळ्यांनी ऑनलाइन जमून त्यावर वाद घालायचा.

पट्टीवरूनही आपण भांडलो. मी म्हणत होते, पट्टी नको, मुलं वाचतील, ऐकणार नाहीत. तू म्हणालीस, "तुम्ही पोहायला शिकलात तेव्हा पाठीला डबा बांधला होता की नव्हता?" मी पोहायला शिकलेच नाही, हे तुला ठाऊक होतं.

त्या वर्षी मी केवढा खानदेश ऐकला, शकू! सकाळचा चहा झाला की कानात इअरफोन घालून बसायची. तालुक्याप्रमाणे वेगवेगळे कप्पे केले होते मी फोनमध्ये. मुलं इंग्रजी बोलायची आणि मागे त्यांचं घर बोलायचं. कुकरची शिट्टी, शेळी, गिरणीचा पट्टा. एक मुलगी हवामानबदलावर बोलत होती, तेवढ्यात मागून तिची आजी, "कोनसंगे बोली राहिनी वं?" आणि पोरगी इंग्रजीतच म्हणाली, "वन मिनिट, आजी." एका परदेशी बसड्रायव्हरचं भाषण तू पाठवलं होतंस, जो चढणाऱ्या प्रत्येक प्रवाशाला सुप्रभात म्हणतो. त्यावर शिंदखेड्याच्या एका मुलाने न पटलेलं सांगितलं: आमच्या बसमध्ये ड्रायव्हरने असं केलं तर शिरपूर यायला संध्याकाळ होईल. मी एकटीच खोलीत हसले. तुझे दादा डोकावून गेले, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, काम चाललंय."

मला त्या कामाने किती सावरलं, ते तुला कळलं असेल का? ईशान-तन्वीचं येणं रद्द झालं होतं, घराबाहेर पाऊल टाकायची चोरी, आणि मी शिरपूर-साक्रीच्या अंगणांतून हिंडत होते. मी तुला फक्त चुका कळवायची. 'व्ही आणि डब्ल्यू एकच करतात.' 'शब्दांच्या शेवटी अ जोडतात.' एवढंच पाठवायची. आभार मानायचे राहिले.

आणि मग पूनमचं ते झालं.

पूनम शिरपूर तालुक्यातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाची. महिनाभर तिने तोंड उघडलं नव्हतं. भाषणं बघायची, हजेरीला 'प्रेझेंट मॅडम' म्हणायची आणि गप्प. त्या रविवारी विषय होता आपल्या घरच्यांचं काम. तू तिला म्हणालीस, "पूनम, एकच वाक्य." तिने श्वास घेतला आणि म्हणाली, "माय फादर इज फार्मर शे."

तू मुलांच्या सोयीसाठी वर्गातही ती अक्षरांची पट्टी सुरू ठेवली होतीस. यंत्र ऐकतं आणि इंग्रजीत लिहितं. त्या बिचाऱ्या यंत्राला अहिराणी कुठून येणार? त्याने 'शे' ऐकलं आणि इंग्रजीतलं 'शी' लिहिलं. माझे वडील शेतकरी, ती. सगळ्यांच्या पडद्यावर. एकाने लगेच लिहिलं, "पूनम, बाप शे का माय शे?" मग हसऱ्या तोंडांची रांग. पूनमची चौकट काळी झाली. दुपारी ती ग्रुपमधूनही गेली.

मी ते रेकॉर्डिंग सोमवारी पट्टी वाचत ऐकलं आणि शिस्तीत तुला कळवलं: 'पूनम. लिंग चुकलं. वडिलांना इंग्रजीत शी नव्हे, ही.'

तुझा फोन आला. आधी तुला हसूच आवरेना, आणि मग एकदम गंभीर झालीस. "वहिनी, ती 'शी' म्हणालीच नाही. ती 'शे' म्हणाली. आपलं 'शे'. इंग्रजीतलं 'इज' लावलं आणि भरवसा वाटेना, म्हणून शेवटी घरचंही लावलं. कळलं का? हे कोणाचं वाक्य आहे?"

"कोणाचं?" मी विचारलं.

"मी अठे शे आहे," तू म्हणालीस. "तुमचंच वाक्य आहे वहिनी, उलटं करून घातलेलं."

मी म्हटलं, "मग आता काय करायचं?"

"तुम्ही या रविवारी वर्गात या. फक्त त्यांना सांगा, की मी प्राध्यापक होते आणि मलाही असेच हसले होते. आणि एक वाक्य अहिराणीत बोला. चुकलं तर चुकू दे. पूनमला मी कसंही करून ऐकायला बसवते."

"मला नाही जमणार."

"का?"

"मुलं हसतील."

तेव्हा तू अहिराणीवर आलीस. "हासू दे ना वं! हासाले काय जास? एकदाव हासनात म्हनीसन तू जलमभर बोलनी नही, आनि आते हाई पोरबी नही बोलनार. तुले चालस का?"

मी फोन ठेवला.

पुढचं तू माझ्याशिवाय केलंस. पूनमच्या वडिलांच्या फोनवर फोन केलास, तिला 'नुसती ऐक' म्हणून बोलावलंस, आणि वर्गाला माझी गोष्ट सांगितलीस. माझं नाव, माझी डिग्री, कोठीची खोली, ओट्यावरचा हशा, सगळं. तुझा तो सांगण्याचा ढंग मला ठाऊक आहे. सासूबाईंचा आवाजही काढला असशील. आणि मग नवा नियम केलास: आजपासून हजेरीला 'प्रेझेंट' नाही. 'शे' म्हणायचं. अहिराणीवाल्यांनी, मराठीवाल्यांनी, सातपुड्यातल्या पावरा मुलांनी, सगळ्यांनी. ज्या शब्दाला हसलात त्याच शब्दाने वर्ग सुरू होईल.

मला कळलं ते त्या आठवड्याच्या आवाजांतून. कोणीतरी भाषणाच्या शेवटी लाडाने म्हटलं होतं, "थँक यू, शे-आहे मॅडम."

शकू, मी केवढी रागावले होते! तू फोन केलास तेव्हा मी म्हटलं, "ती गोष्ट माझी होती." तू म्हणालीस, "हो, पण उपयोगी होती." मी म्हटलं, "विचारलं असतंस." तू म्हणालीस, "तुम्ही नाही म्हणाला असतात." दोन्ही खरं होतं, म्हणून पुढे बोलायला काही उरलं नाही. कितीतरी दिवस मी तुझ्याशी फक्त व्ही आणि डब्ल्यूबद्दल बोलले.

अजूनही मला वाटतं, तू विचारायला हवं होतंस. तू गेलीस म्हणून मी मत बदललेलं नाही. तुला आवडलंही नसतं.

पण त्यानंतरच्या रविवारचं रेकॉर्डिंगही मीच ऐकलं. हजेरी चालली होती. शे, शे, शे, कोणी खाकरून, कोणी लाजून, एक पावरा मुलगा तर गाण्यासारखं. मग तू म्हणालीस, "पूनम." मागे कुठेतरी मोटार पंप चालू होता. आणि मग, "शे मॅडम. माय फादर इज अ फार्मर. ही इज अ गुड फार्मर. बट आय डोन्ट अॅग्री विथ हिम." वर्ग पुन्हा हसला, पण तो हशा वेगळा होता. ती मुलगी नंतर थांबलीच नाही. कापसाच्या भावापासून लवकर लग्न लावण्यापर्यंत, वडिलांचं काय काय पटत नाही ते सगळं सांगत सुटली.

मी तुला लिहिलं: 'पूनम. फार्मरच्या आधी अ वापरला. बरोबर.'

यापेक्षा जास्त लिहायचं होतं.

तू निवृत्त झालीस तरी रविवार सोडला नाहीस. नवी मुलं येत राहिली, आता जळगावच्या बाजूचीही, यावल-सावद्याची, ज्यांची बोली वेगळी, ज्यांच्या घरात 'शे' नाही. तीही 'शे' म्हणू लागली. पूनम शिकून शाळेत लागली, तरी रविवारी तुझ्या मदतीला असायची. आपलं बोलणं पूर्ववत झालं. भरताच्या जेवणाला तू यायचीस, मळ्यात तुराट्यांवर वांगी भाजताना दादांशी वाद घालायचीस. फक्त त्या गोष्टीला आपण दोघी हात लावत नव्हतो.

गेल्या हिवाळ्यात तू आलीस तेव्हा मळ्यात बसल्या बसल्या म्हणालीस, "वहिनी, एक रविवार तुम्ही घ्या ना. माझा श्वास पुरत नाही हल्ली."

"डॉक्टरला दाखव."

"दाखवते. पण रविवार?"

"बघू."

"भाषण नका लावू कुणाचं. तुम्हीच बोला दहा मिनिटं. लोणच्याच्या बरण्यांवर चिठ्ठ्या कशा लावाव्यात, यावर बोला. मुलांना आवडेल."

"थट्टा करू नकोस."

"नाही करत," तू म्हणालीस, आणि माझ्या पानात आणखी भरीत वाढलंस. "खरंच नाही करत."

मी 'बघू'च म्हणत राहिले. वसंतात स्नेहलचा फोन आला.

आता एक गोष्ट सांगते, जी तुला कधीच सांगितली नाही. मी अहिराणी बोलते. घरात कोणी नसलं की बोलते, मांजरीशी. "कठे व्हती वं? दूध पेस का?" कितीतरी वर्षं बोलते आहे. आधीच्या मांजरीशीही बोलायची. चुकतं की बरोबर येतं, मला माहीत नाही. मांजर हसत नाही. एकदा तुझे दादा मागून आले आणि त्यांनी ऐकलं. ते तसेच परत गेले आणि त्यांनी ते तुलाही सांगितलं नाही. नाहीतर तू धुळ्याहून पहिल्या एसटीने आली असतीस.

तर हे असं आहे. पूनमला उत्तर द्यायचं आहे. मला सराव नाही, मुलांनी ऐकलेली माझी एकुलती एक गोष्ट तू सांगितलेली, तीही आवाज काढून. मी नाही म्हटलं तर कोणी काही म्हणणार नाही. दुसरा रविवार, तिसरा रविवार, मुलं पांगतील. ग्रुप तसाच राहील, त्यात दिवाळीच्या शुभेच्छा येतील.

दादा आत्ता चहा घेऊन आले. क्वचितच करतात. कप ठेवताना म्हणाले, "लिहून झालं?"

"नाही."

"पूनमला काय कळवलं?"

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"तिने मलाही विचारलंय," म्हणाले. "'मॅडम घेतील,' असं मी सांगून टाकलं."

"मला न विचारता?"

"शकी बहीण कोणाची होती?" ते म्हणाले आणि गेले.

*

शकू, आज सोमवार.

काल सकाळी अंघोळ करून, इस्त्रीची साडी नेसून बसले. टेबलावर चष्मा, पाणी, आणि कागदावर दहा मिनिटांचं भाषण लिहून ठेवलेलं, पूर्ण वाक्यांत. स्नेहलने धुळ्याहून तुझ्याच लॅपटॉपवरून वर्ग सुरू करून दिला, त्यामुळे सगळ्यांत वर तुझंच नाव होतं. मी तिकडे पाहायचं नाही असं ठरवलं आणि पाहिलं. खाली अक्षरांची पट्टी चालू होती. ती तू बंद केलीच नव्हतीस.

मुलांच्या चौकटी एकेक उजळल्या. कोणी केळीच्या वखारीत बसलेलं, कोणी ओसरीत, एकीच्या मांडीवर भाऊ. पूनम म्हणाली, "मॅडम, आधी हजेरी."

मी नावं वाचायला लागले. पहिल्या मुलाने घसा साफ केला. "शे मॅडम." पट्टीवर उमटलं, शी मॅडम. मग पुढची. शे. मग पुढचा. शे. प्रत्येक नावाला खाली यंत्र इमानाने लिहीत होतं, ती, ती, ती. इतकी वर्षं तू दर रविवारी हे वाचत होतीस आणि मला कधी बोलली नाहीस. की तू खाली बघतच नव्हतीस, चेहऱ्यांकडे बघायचीस?

यादी संपली. मी कागद उचलला. चष्म्यावर धुकं आलं होतं, अक्षर दिसेना. मी तशीच थांबले, जरा जास्तच वेळ थांबले असेन, कारण मुलांना वाटलं रेंज गेली.

"मॅडम, आवाज येत नाहीये."

"मॅडम अटकल्या वाटतं."

मग कुठल्या तरी लहान गावातून एका मुलीचा आवाज, सवयीने, घरच्यासारखा, मी आहे का ते विचारणारा, "मॅडम शेतस का?"

कोठीची खोली, ओट्यावरची सगळी माणसं, परकरातली तू. तेवढंच अंतर होतं, एका हाकेचं. मी कागद खाली ठेवला. मनात वाक्य जुळवलं नाही.

"शे," मी म्हटलं.

पुढे 'आहे' लावलं नाही.

कोणी हसलं नाही. पूनमने तोंडावर हात ठेवला होता. मी खाली पाहिलं. माझ्या आवाजापुढे यंत्राने त्याला कळलं तसं इंग्रजीत लिहिलं होतं, एकच शब्द, आणि वर तुझं नाव तसंच होतं.

ती.